पन्नास फुटांच्या आत

सोजराबाईला बोलायला माणूस नव्हतं, म्हणून ती विहिरीशी बोलायची. कुणी वेडी म्हणू नये म्हणून निमित्त तेवढं पाण्याचं करायची. काठावरून वाकून, "आज लय खाली गेलं वं पाणी," असं म्हणायची आणि आतून तिचेच शब्द जरा जाड आवाजात परत यायचे. तेवढ्यावर तिचं भागायचं. नांदुऱ्याच्या रेल्वे फाटकापलीकडे तेव्हा वस्ती अशी नव्हतीच. एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला नाला, मधे माळ्याचा हा मळा आणि मळ्यात ही एकटी बाई. गाड्या जायच्या, खिडक्यांतली माणसं तिच्याकडे बघायची, वांग्याच्या वाफ्यात कमरेवर हात ठेवून ती त्यांच्याकडे बघायची. गाडीतल्या माणसांशी काही ओळख होत नाही.

विहीर मात्र नावाजलेली होती. त्या पट्ट्यात खणाल तिथं खारं पाणी लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुणा चहाचा पहिला घोट घेतो आणि कप खाली ठेवतो. सोजराबाईच्या सासऱ्याला कुठल्या पुण्याईनं कोण जाणे, गोडं पाणी लागलं. मग त्यानं कुठलाही माळी करील तेच केलं. घर थेट विहिरीला चिकटून बांधलं. पहाटे मोट जोडायची, तर अंथरुणातून उठलेला पाय सरळ विहिरीवर पडला पाहिजे. घराला लागून बैलांचा गोठा, गोठ्याला लागून शेणखताचा उकिरडा, न्हाणीचं पाणी बाहेरच्या केळीला. सगळं हाताशी. यात काही चुकलं आहे, असं त्या घरात कधी कुणाच्या मनात आलं नाही. ती चूक पुढे सरकारनं दाखवून दिली.

लोकांच्या लेखी सोजराबाईला मूलबाळ नव्हतं. तोंडावर कुणी तसं बोललं नाही, कारण तिचं तोंड भलतं तिखट. पण खरं तसं नव्हतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगा झाला होता. त्याची पाचवी पुजली, आणि बारसं व्हायच्या आत पोर गेलं. ताप आला, दूध प्यायचं सोडलं, संपलं. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. नवऱ्यानं, इंद्रभाननं, धोतराचं फडकं फाडून त्यात त्याला गुंडाळलं आणि मळ्यातच, विहिरीच्या उगवतीला, मातीत ठेवलं. वर एक दगड ठेवला. ती दारातून बघत होती, बाळंतिणीला उंबरा ओलांडायचा नव्हता.

तानुबाई सुईण दोन दिवस पाठीवरून हात फिरवायला येत होती. शेवटी म्हणाली, "रडू नको माय. नाव नाई ठेवलं, हीर नाई पुजली. आलंच नव्हतं असं धर."

त्या भागात बाळंतीण सव्वा महिन्यानं विहीर पुजायला जाते. हळदकुंकू वाहते, पाणी भरते, आणि लेकराच्या नावानं गावच्या पोरांना उकडलेल्या गव्हाच्या घुगऱ्या वाटते. तिथून पुढे ती पुन्हा चारचौघींतली होते आणि पोर गावाचं होतं. सोजराबाईची विहीर दारात होती, हाताच्या अंतरावर. ती पुजायचा दिवस तेवढा आला नाही. ना नाव, ना घुगऱ्या, ना धड सुतक. तानुबाई म्हणाली तसंच सगळ्यांनी धरलं.

इंद्रभान त्यावर जन्मात एक शब्द बोलला नाही. तो आधीच कमी बोलायचा. पण वखर हाकताना तो त्या दगडापाशी आला की बैल आपोआप वळायचे. गोधडी अंथरावी तेवढी जागा तो दर साली सोडायचा. मिरची लावली, कांदा लावला, गोबी लावली, ती जागा मोकळीच. पाण्याचा पाटसुद्धा तिथं येऊन वाकडा व्हायचा. शेजारचे शेतकरी हसायचे, इंद्रभानले सरळ पाट काढता येत नाई म्हणायचे. तो हसण्यावारी न्यायचा. सोजराबाई ते वळण बघायची आणि तिला कळायचं की त्याच्याही लक्षात आहे. दोघांत बोलणं नव्हतं, पण ते वळण होतं.

मग इंद्रभान गेला. तानुबाई तर आधीच गेली होती. आता तो मुलगा होता, हे साऱ्या जगात एकट्या सोजराबाईला ठाऊक. एकट्या माणसाला पुष्कळ काही एकट्यानं निभवावं लागतं, जेवण, आजारपण, सणवार. पण आपल्या आयुष्यात घडलेल्या एखाद्या गोष्टीला दुसरा साक्षीदारच उरू नये, यासारखं एकटेपण नाही. कधीकधी तिलाच शंका यायची, खरंच झालं होतं ना? मग ती उठून दगडाजवळ जायची, त्यावरची माती पदरानं पुसायची आणि परत यायची.

मळा तिनं का विकला, याची गावात बरीच चर्चा झाली. खरं कारण साधं होतं. एकटीनं मोट होईना, दोन बैलांतला एक मेला, आणि तिला माणसं हवी होती. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती. शाळामास्तर, कापसाच्या जिनिंगमधले कारकून, रेल्वेतले बाबू अशा लोकांनी मिळून एक सोसायटी काढली आणि घरं बांधायला जागा शोधत ते फाटकापलीकडे आले. गोड्या पाण्याची विहीर बघून त्यांचे डोळे चमकले. सोजराबाईच्या डोळ्यांपुढे दुसरंच चित्र आलं. अंगणं, धुणी, भांडणं, एकमेकींना मारलेल्या हाका. तिनं हो म्हटलं. राहतं घर आणि खालचा थोडा तुकडा तेवढा तिच्याकडे राहायचा होता.

सोसायटीचे सेक्रेटरी होते उत्तमराव. जिनिंगमधले कारकून, माणूस भला, पण प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारा. ते एके दिवशी नकाशाची गुंडाळी घेऊन आले आणि तिच्या ओट्यावर ती उलगडून बसले. सोजराबाईला नकाशातलं काय कळणार? तिनं एवढंच विचारलं, "हिरीजवळ काय हाये?"

"प्लॉट आहेत, मावशी. एक, दोन, तीन, चार. मोक्याची जागा."

"अन् मोकळी जागा?"

"तशी जागा ठेवावी लागते, सरकारचा नियम आहे. ती आपण नाल्याकडं टाकली. तसंही तिथं कोण घर बांधणार?" उत्तमराव स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन हसले.

सोजराबाईनं त्या चार चौकोनांवर बोट ठेवलं. त्या चारांपैकी कुणाच्या तरी पायाखाली तिचा मुलगा जाणार होता. पाया म्हणजे छातीइतका खोल चर, पहार, फावडं. विकताना तिला घरं दिसली होती, पाया दिसला नव्हता. ती इतकंच म्हणाली, "हिरीजवळ घरं नाई बांधू देणार मी."

"काऊन पण?"

"नाई म्हंजे नाई."

गावात लगेच झालं की म्हातारीला विहिरीचा लोभ सुटत नाही. माळीणच ती, पाणी कशी सोडणार? उत्तमराव दोनदा समजवायला आले, दोनदा घसा साफ करून परत गेले. खरं कारण सांगितलं असतं तर ते बहुधा ऐकलं असतं. पण ज्याचं सुतकसुद्धा कुणी धरलं नाही, त्याच्यासाठी परक्या माणसांपुढे पदर पसरायचा कसा, हेच तिला उमगत नव्हतं. हसले तर? किंवा त्याहून वाईट म्हणजे, तिच्यावर विश्वासच ठेवला नाही तर?

आणि मग परवानगीसाठी पाठवलेला नकाशा बुलढाण्याच्या कचेरीतून परत आला, शर्ती घेऊन. उत्तमराव ओट्यावर बसले ते कपाळाला हात लावूनच.

"घ्या! शेतीच्या जमिनीवर घरं बांधायची म्हणजे जशी काही लढाईच. रस्ते रुंद करा म्हणतात. सांडपाणी उताराच्या अंगानं न्या. नाल्याकाठची मोकळी जागा चालत नाही, पावसाळ्यात बुडते, माणसांना वापरता येईल अशी द्या. झाडं लावा. अन् पिण्याच्या पाण्याची सोय दाखवल्याशिवाय परवानगीच नाही."

"मंग?"

"मग काय! ही विहीर दाखवायची तर तिच्याभोवती पन्नास फुटांत संडासाचा खड्डा नको, गोठा नको, उकिरडा नको, मोरी नको. म्हणजे प्लॉट गेलेच. मोकळी जागा मग विहिरीभोवतीच सोडावी लागेल. कायमची. उद्या कुणी म्हटलं तरी तिथं बांधकाम नाही."

सोजराबाईला हे दोनदा सांगावं लागलं. कायमची, या शब्दापाशी तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. मग तिनं उत्तमरावांना चहा दिला, गूळ जरा जास्तच टाकून. बुलढाण्यात बसलेल्या कुण्या साहेबाला हे कसं सुचलं? इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी ती एकटी जीव टाकत होती, ती सरकारनं शर्त म्हणून घातली होती. त्या दिवशी ती विहिरीत वाकून म्हणाली, "ऐकलं का वं?" आणि विहिरीनंही तेच विचारलं.

पुढच्या आठवड्यात ओव्हरसिअर आले. डोक्यावर पांढरी टोपी, बरोबर टेप आणि चुन्याची पाटी धरलेला शिपाई. त्यांनी विहिरीच्या काठाशी टेपचं टोक धरायला लावलं आणि दुसरं टोक घेऊन गोल फिरायला लागले. मागे शिपाई चुना सोडत चालला. सोजराबाई त्यांच्या मागे मागे. उगवतीकडे येताना ती दोन पावलं पुढे झाली. चुन्याची रेघ दगडाच्या पलीकडून गेली. दगड आत राहिला. तिनं डोळे मिटले, उघडले. रेघ तिथंच होती.

मग ओव्हरसिअर मावळतीकडे वळले, आणि रेघ गोठ्याच्या मागून, उकिरड्याच्या मागून, तिच्या घराच्या मागून गेली. घर सगळंच्या सगळं आत.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"यांचंच," उत्तमराव म्हणाले.

ओव्हरसिअर वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी काढून घाम पुसला. "आजी, गोठा न् उकिरडा तर हलवावाच लागेल. आणि घराचंही तेच. माणूस राहतो तिथं मोरी आलीच. ते पाणी मुरून विहिरीतच येतं. आजवर आलेलंच आहे."

सोजराबाईनं विहिरीकडे पाहिलं. सासरा प्याला, इंद्रभान प्याला, ती प्याली. बाळंतपणात पोराला न्हाऊ घातलं तेही याच पाण्यानं, आणि ताप आल्यावर ओठाला लावलं तेही. तिनं त्या विचाराला हात लावला आणि लगेच सोडून दिला. तो धरून जगता आलं नसतं.

उत्तमरावांना राहवेना. "मावशी, तुम्ही घाबरू नका. एक वाट आहे. खाली नाल्याच्या वरच्या अंगाला नवी विहीर खोदू, गोडं पाणी लागलं तर लागलं. मोकळी जागा तिच्याभोवती घेऊ. मग ही विहीर बुजवून टाकायची. इथं पहिल्यासारखे प्लॉट पडतील, अन् तुमचं घर आहे तिथंच राहील. म्हाताऱ्या माणसाला बेघर करून मला काय साधायचंय?"

एवढा भला विचार त्या माणसानं कधी नव्हे तो केला होता, आणि तोच नेमका चुकीचा होता. घर राहिलं की दगड जाणार. दगड राहिला की घर जाणार. सोजराबाई आपल्या उंबऱ्यावर जाऊन बसली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नीट पदरही सावरता येत नव्हता. चुलीची ती जागा, कोनाड्यातली ती काजळी, इंद्रभान टेकायचा तो खांब. तिनं सगळ्यावरून एकदा नजर फिरवली. मग उठली.

"घर पाडा," ती म्हणाली.

"आँ?"

"पाडा म्हणते ना! मी खालच्या तुकड्यावर ऱ्हाईन, नाल्याकडं. हिरीले हात लावू नका."

ज्या बाईनं विहिरीजवळ एक घर होऊ द्यायचं नाही म्हणून भांडण मांडलं, ती आता स्वतःचंच घर पाडा म्हणते. उत्तमरावांनी नुसताच घसा साफ केला. घरी जाऊन बायकोला म्हणाले, म्हातारीचं काही खरं नाही.

घर पाडायला फारसा वेळ लागला नाही, मातीचंच होतं. उरलेला बैल तिनं ओळखीच्या माणसाला दिला. नाल्याकडे टिनाच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. सोसायटी म्हणजे लगेच घरं उठतील असं तिला वाटलं होतं, पण परवानगी आली तरी लोकांचं जमेना. नुसतेच आखलेले रस्ते, दगडांच्या खुणा, आणि मधे गवत. पूर्वी निदान विहीर उत्तर द्यायची. आता तिथवर चालत जायचं, आणि उघड्या जागेत वाकून बोलायचं तर फाटकावरचा माणूस बघतो. बायामाणसांच्या आशेनं मळा विकला आणि हातची विहीरही लांब गेली. सोजराबाईला मनापासून वाटायला लागलं की आपण फसलो. संध्याकाळी भाकरी थापताना ती दोन थापायची, एक खायची, एक सकाळी कुत्र्याला घालायची. एकच थापायला हात तयार होत नव्हता.

पहिलं घर झालं ते रेल्वेतल्या मालबाबूंचं. त्यांची बायको कोकिळा, दुसरबीडकडची, वीस-बावीस वर्षांची. ती 'मले, तुले' म्हणायच्या ऐवजी 'मला, तुला' म्हणायची, म्हणून फाटकाअलीकडच्या बाया तिला पुण्याची म्हणून चिडवायच्या. ती रोज कळशी घेऊन विहिरीवर यायची. सोजराबाई ती यायच्या आधीच तिथं येऊन काहीतरी काम काढून बसायची.

त्याच सुमारास झाडांच्या शर्तीची वेळ आली. मोकळ्या जागेच्या कडेनं, गोलाच्या आतल्या अंगानं, कडुलिंबाची झाडं लावायची होती आणि ती मोजायला बुलढाण्याहून माणूस येणार होता. उत्तमरावांनी दोरी लावून सारख्या अंतरावर चुन्याच्या फुल्या मारल्या. खड्डे खोदायला कडूबाला लावलं. कडूबा म्हातारा. पाया असो, खड्डा असो, मसणवाट असो, गावातलं सगळं खोदकाम त्याच्याच हातचं. सोजराबाई भाकरी बांधून तिथंच होती. एक फुली नेमकी दगडावर पडलेली तिनं पाहिली.

कडूबानं टिकावाच्या टोकानं दगड उलटवला, तशी ती धावली आणि त्या जागेवर सरळ बसली.

"अठी नको."

"काऊन वं बाई?"

ती हलेना. उत्तमराव आले, चार माणसं जमली. "आता काय झालं मावशी? घर पाडलं तुमच्या म्हणण्यानं, जागा सोडली तुमच्या म्हणण्यानं. एका झाडानं काय घोडं मारलं तुमचं? उद्या साहेब मोजायला आले तर मी काय सांगू?"

सोजराबाईनं तोंड उघडलं. शब्द होता, तोंडापर्यंत आलाही होता. चार माणसं बघत होती, त्यातला एक आधीच हसू दाबत होता. तिनं तोंड मिटलं. नुसती मातीला दोन्ही हात लावून बसून राहिली.

कडूबानं तिच्याकडे पाहिलं, उलटलेल्या दगडाकडे पाहिलं, त्याच्याभोवतीची गोधडीएवढी, कधी नांगर न लागलेली जागा पाहिली. मग त्यानं टिकाव खांद्यावर टाकला.

"सांगा तुमच्या साहेबाले, खाली पाषाण लागला. पहार बसत नाई. झाड नाई जगत तठी."

"पाषाण? अरे ही काळी माती आहे!"

"पाषाण हाये म्हणतो ना मी. जन्म गेला खोदण्यात." आणि तो पुढच्या फुलीकडे निघून गेला.

 उत्तमरावांना कळलं की नाही, देव जाणे. जाताना म्हणाले, "एक झाड नाल्याकडं जास्तीचं लावू." आणि घसा साफ केला. कडूबानं त्यानंतर सोजराबाईला कधी काही विचारलं नाही. दगड मात्र सकाळी पुन्हा सरळ ठेवलेला होता.

अशी ती कडुलिंबांची ओळ झाली, मधे एका जागी खाडा असलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, तिथलं रोप वाळलं असेल. झाडं जगवण्याचं काम सोजराबाईनं आपणहून घेतलं. रोज प्रत्येक रोपाला कळशी, आणि त्या रिकाम्या जागेलाही कळशी.

कोकिळेनं ते बघितलंच. तोवर तिला दिवस गेले होते, वाकायला जड जायचं म्हणून सोजराबाईच तिचं पाणी शेंदून द्यायची. ती म्हणाली, "मावशी, इथं तर झाड नाही. मग पाणी कशाला घालताय?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. आणि त्या पोरीनं विचारलं ते चेष्टेनं नाही, सरळ विचारलं. सोजराबाईच्या तोंडून निघून गेलं, "माझा लेक हाये तठी."

मग तिनं सगळं सांगितलं. त्याला किती वर्षं झाली ते, पाचवी, ताप, धोतराचं फडकं, वाकडा पाट, पाडलेलं घर. कोकिळा ऐकत राहिली. तिचा हात नकळत पोटावर गेला. तिनं कळशी उचलली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मालबाबूच स्वतः पाणी न्यायला आले आणि म्हणाले, तिला माहेरी पाठवलं, दुसरबीडला, बाळंतपणाला. सोजराबाईला मग आपलं आपल्यालाच कळलं. पोटुशी पोर, आणि आपण तिला असलं सांगितलं! विधवा बाईनं, मेलेल्या लेकराची गोष्ट, भरल्या पोटापुढे. कुठली सासू, कुठली आई हे सहन करील? इतकी वर्षं तोंड शिवून ठेवलं, आणि उघडलं ते कुणापुढे! त्या दिवसांत ती विहिरीवर जायची ते डोकं खाली घालून. पाणी घालायची, परत यायची. वाकून बोलणं बंद. बोलून काय झालं ते पाहिलंच होतं. नवी दोन-तीन घरं उठली, बाया आल्या, अंगणं झाली, हाका ऐकू यायला लागल्या. तिचा ज्या आवाजांसाठी जीव आसुसला होता ते सगळे आवाज आले. त्यात तिला हाक मारणारं मात्र कुणी नव्हतं.

कोकिळा मुलगा घेऊन परत आली, तेव्हा सोजराबाईनं ते लांबूनच ऐकलं. बघायला गेली नाही. आणि मग एका सकाळी विहिरीवर बाया जमल्या. सोसायटीतली पहिली विहीरपूजा, माहेरी न उरकता कोकिळेनं इथल्यासाठी राखून ठेवलेली. नव्या लुगड्यातली कोकिळा, हळदकुंकवाचं ताट, लिंबाचा डहाळा, पाच सवाष्णी, भोवती घुगऱ्यांच्या आशेनं नाचणारी पोरं. विधवेला त्यात बोलावत नाहीत, त्यामुळे बोलावलं नाही याचं काही वाटायचं कारण नव्हतं. तरी सोजराबाईचे पाय तिकडे वळलेच. ती झाडांच्या बाहेर, चुन्याची रेघ पूर्वी होती तिथं, उभी राहिली. आपली विहीर कशी पुजतात ते तिनं पहिल्यांदाच बघितलं.

कोकिळेनं पाण्यात हळद वाहिली, कळशी भरली, नमस्कार केला. पोरांच्या ओंजळींत घुगऱ्या घातल्या. मग उरलेल्या घुगऱ्यांचा द्रोण घेऊन ती झाडांच्या ओळीकडे चालत आली आणि त्या रिकाम्या जागी येऊन बसली.

"तठी काऊन वं?" मागून कुणीतरी विचारलं.

कोकिळेनं तिकडे लक्ष दिलं नाही. "मावशी, इकडं या."

"नाई माय. आज नाई. माझी सावली नको."

"मग तिथूनच सांगा. नाव काय ठेवणार होतात?"

सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. सोजराबाईच्या मनात नाव होतं. पाळण्यात घालायच्या दिवशी सांगायचं म्हणून ते तिनं इंद्रभानलासुद्धा सांगितलं नव्हतं. विहिरीतही कधी बोलली नव्हती. तिला वाटलं, आता ते आठवणारच नाही.

"अर्जुन," ती म्हणाली. मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अर्जुन नाव हाये त्याचं."

कोकिळेनं क्षणभर बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे आमच्या यांच्याहून मोठे की," ती म्हणाली. आणि घरातल्या मोठ्या माणसापुढे सून ओढते तसा तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, द्रोण दगडाजवळ ठेवला आणि म्हणाली, "अर्जुनराव, घ्या. तुमचा वाटा राहिला होता."

सोजराबाईच्या मनात तो इतकी वर्षं तेवढाच होता, फडक्यात मावणारा. त्याला दात यायचे राहिले होते, तो उभा राहायचा राहिला होता. आणि आता एका सुनेनं त्याच्यापुढे पदर ओढला होता. तो मोठा झाला होता. कुणीतरी त्याला राव म्हटलं होतं. तिला रडू आलं, ते तिनं आवरलं नाही, चारचौघींसमोर, ऐन पूजेत.

"या ना आता," कोकिळा म्हणाली. पोरं आणखी घुगऱ्या मागायला लागली होती. सोजराबाईनं रेघ ओलांडली आणि ती कोकिळेच्या शेजारी जाऊन बसली.